दहावं वाक्य

मला इंग्रजी बोलता येत नाही. कोणी इंग्रजीत दोन शब्द विचारले तर मी मान हलवून बाजूला होतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धुळे जिल्ह्यातल्या खेड्यात, जिथे मास्तर आठवड्यातून तीन दिवस यायचे. पण छापलेलं इंग्रजी माझ्यासमोर ठेवा. कोणतं वाक्य लंगडतंय ते मी चहा निवायच्या आत सांगतो. जळगावातल्या वकिलांना सांगितलंय, डॉक्टरांना सांगितलंय, एका प्राचार्यांनाही सांगितलंय. त्यांना ते आवडलं नाही. पण दुरुस्त केलं.

माझं काम प्रुफं वाचायचं. छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका लाल पेनाने धरायच्या. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, छापखान्याचं असतं. आमचं कुठेच नसतं. आमचं नाव निघतं ते चूक राहिली तरच.

चौथी पास माणूस इंग्रजीकडे कसा गेला, हे सगळे विचारतात. त्याचं उत्तर लाकडी कप्प्यांमध्ये आहे. मी धुळ्याला छापखान्यात लागलो तेव्हा शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, हाताने जुळवून ओळी बांधत. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, म्हणजे शेकडो कप्पे. इंग्रजीला त्याच्या पावपट. म्हणून सगळ्यात कमी शिकलेला जो असेल त्याला इंग्रजीच्या कप्प्यांपुढे उभं करायचे. तो मी. एका खाजगी क्लासचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक दरवर्षी आमच्याकडे छापायला यायचं. दरवर्षी ते मीच जुळवायचो, छापून झालं की मीच खिळे सोडवायचो. खिळ्यांवरचं अक्षर उलटं असतं. तसं मी अख्खं इंग्रजी व्याकरण आधी उलटं शिकलो, मग सुलटं. क्लासचे मास्तर यायचे तेव्हा मी एकेक विचारून घ्यायचो. ते सांगायचे, कारण त्यांना वाटायचं की मी गंमत म्हणून विचारतो.

ज्यांना व्याकरणाचं नाव काढलं की कापरं भरतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजी वाक्यात एक ट्रॅक्टर असतो आणि त्याला जोडलेल्या ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर म्हणजे मुख्य वाक्य. ते एकटं रस्त्याने जाऊ शकतं. ट्रॉली म्हणजे गौण वाक्य, 'कारण', 'जरी', 'जेव्हा', 'जो' अशा शब्दांच्या हुकाने अडकवलेलं. ट्रॉलीत माल कितीही भरा, केळीचे घड वरपर्यंत रचा, ती आपणहून चालत नाही. 'कारण पाऊस आला' एवढंच म्हणून कोणी गप्प बसलं तर तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहता. ट्रॉली रस्त्यात उभी आणि ट्रॅक्टर कुठे गेला कोणाला माहीत नाही.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. वासराने आपल्याच गाईकडे जायला पाहिजे. एकाबद्दल बोलत असाल तर 'ही' किंवा 'शी', अनेकांबद्दल बोलत असाल तर 'दे'. सोपं आहे. पण आपल्याकडची पोरं इथेच अडखळतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या संस्काराचा आहे. आपण बापाला 'तो' म्हणत नाही, 'ते' म्हणतो. मग पोरगं इंग्रजीतही बापाला 'दे' करून टाकतं. त्या एका बापाचे चार-पाच बाप होतात. इंग्रजीत बापालाही अरे-तुरेच आहे, हे मला पटायला दोन वर्षं लागली.

ही विद्या मला भाकरी देत आली. धुळं सोडून जळगावला आलो, मेहरूणला राहिलो. शिशाचे खिळे भंगारात गेले, संगणक आले, पण मी राहिलो, कारण चुका राहिल्या. रावेरकडचा एक केळीवाला परदेशी माल पाठवण्यासाठी इंग्रजी पत्रक घेऊन आला होता. शेतीची पदवी घेतलेला, चकचकीत बूट. त्याच्या पत्रकातली ट्रॉली भलत्याच ट्रॅक्टरला अडकली होती. वाक्याचा अर्थ असा होत होता की आमचे शेतकरी स्वच्छ धुऊन, पुसून, खोक्यात भरून तुमच्याकडे पाठवले जातात. मी म्हणालो, हे मी छापू देणार नाही. तो म्हणाला, तुमचं शिक्षण किती? मी म्हणालो, चौथी, पण मला कोणी खोक्यात भरलेलं चालणार नाही. तो रागाने गेला आणि तासाभरात परत आला. सोबत केळीची एक फणी होती.

पण या विद्येने घरात नुकसानही केलं. माझा मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याने मला हौसेने इंग्रजीत पत्र लिहिलं. मी ते लाल पेनाने दुरुस्त केलं आणि टपालाने परत पाठवलं. पुढचंही तसंच. त्यानंतर पत्र आलं नाही. तो फोन करतो, अगदी नियमाने करतो. पण लिहीत नाही. मला तेव्हा वाटलं होतं, मी त्याचं भलं करतोय. अजूनही कधी कधी वाटतं.

आता मुख्य गोष्ट. फार जुनी नाही. मी जळगावच्या एका ऑफसेट छापखान्यात प्रुफं वाचत होतो. तिथे चौधरी सरांचं पुस्तक आलं. मुक्ताईनगरकडचे सर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी तिथल्या पोरांसाठी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक लिहिलं होतं. आयुष्यातलं एकच. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झालेला. एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्याने उजेड आणि सावल्या. सोमवारी शाळा उघडणार होती. त्या दिवशी पुस्तकं पोरांच्या हातात द्यायची आणि त्यातला पहिला धडा स्वतः उभं राहून शिकवायचा, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की पुढच्या वर्षी मला फळा कोणत्या भिंतीला आहे तेही कळणार नाही.

पहिली दोन प्रुफं त्यांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, सुमनअक्कांनी, अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं आणि त्यांनी दुरुस्त्या सांगितल्या. तिसरं, शेवटचं प्रूफ छापखान्यात मी बघायचं. आणि इथे मी माती खाल्ली.

पुस्तकाची सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात, आठ एका अंगाला, आठ दुसऱ्या. त्याला फर्मा म्हणतात. त्यावर पानं ओळीने नसतात. घडी घातल्यावरच ती क्रमाला लागतात. घडीआधी पाचवं पान एका अंगाला, सहावं दुसऱ्या अंगाला, काही पानं उलटी डोकं खाली. मला त्याची इतकी सवय की मी फर्मा घडी न घालताच वाचायचो. बाकीचे घडी घालत. मी त्यांना हसायचो.

सरांच्या चौथ्या फर्म्याचं एक अंग मी संध्याकाळी वाचलं, दुसरं सकाळी. सकाळच्या अंगावर एक पान असं लागलं की त्यावर दहा वाक्यं होती आणि दहाच्या दहा चुकलेली. आमच्या भारतीताई, संगणकावर टाइप करणाऱ्या, भुसावळला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, नाहीतर त्यांना दोन शब्द सुनावले असते. दहाच्या दहा वाक्यं चुकलेली पाहून माणसाला संशय यायला पाहिजे. मला आनंद झाला. मी पेन उघडला. नऊ वाक्यं दुरुस्त केली. दहावं इतकं मोडलेलं होतं की ते काढूनच टाकलं. बदली आलेल्या माणसाकडून तसं करून घेतलं, आणि पाठ थोपटून घ्यावी अशा थाटात फर्मा मशीनवर दिला.

बुधवारी सर आणि अक्का बसने आले. छापलेले फर्मे घडी घालून रचून ठेवले होते, शिलाई बाकी होती. सरांनी कागदावरून हात फिरवला, वास घेतला, आणि अक्कांना म्हणाले, वाच. छापखान्यातल्या बाकावर बसून अक्का वाचू लागल्या. अक्षर लावत, पण खणखणीत. आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो. पान उलटून त्या वाक्यांवर आल्या. तिसऱ्या वाक्यानंतर सरांनी मान वर केली. पाचव्यानंतर हात वर केला.

"पुन्हा वाच पाचवं."

अक्कांनी वाचलं.

"हे कोणी दुरुस्त केलं?"

मला वाटलं, शाबासकी येते आहे. मी पुढे झालो. "मी, सर. नऊ केली. दहावं काढलं, त्यात काही दम नव्हता."

अक्कांनी पान मागे उलटलं आणि आधीच्या पानाच्या तळाशी असलेली एक ओळ वाचली. तिचा अर्थ, 'पुढील वाक्यांतील चुका दुरुस्त करा.'

ती ओळ फर्म्याच्या एका अंगाला होती, वाक्यं दुसऱ्या अंगाला. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की ट्रॅक्टर बघितल्याशिवाय ट्रॉलीला हात लावू नका. मशीनवरचे सुपडूभाऊ माझ्याच गावाकडचे. ते हळूच म्हणाले, "नाना, पोरेसना अभ्यास बठ्ठा तुमीच करी टाका." पोरांचा सगळा अभ्यास मीच करून टाकला म्हणे, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. मलाही दुसऱ्या कोणाच्या बाबतीत आवरलं नसतं.

शेठ म्हणजे आमचे मालक. ते म्हणाले की शुद्धिपत्र चिकटवू, वेळ नाही. शुद्धिपत्र म्हणजे पुस्तकाच्या शेवटी लावलेली चिठ्ठी, इथे अशुद्ध छापलंय ते असं शुद्ध वाचावं. मी वाचलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र लागलेलं नाही. आणि इथे तर उलटं लावावं लागणार होतं, की शुद्ध छापलंय ते कृपया अशुद्ध वाचावं. मी शेठना म्हणालो, चिठ्ठी लागली तर मी उद्यापासून येत नाही. शेठ म्हणाले, नका येऊ. शेवटी असं ठरलं की तो एक फर्मा नव्याने छापायचा. शनिवारी शिलाई, रविवारी गाडी सातपुड्याकडे. म्हणजे वाक्यं आजच्या आज पुन्हा मोडायला हवी होती.

मोडायची कशी? मूळ प्रत नव्हती. दुरुस्ती झाली की जुना मजकूर संगणकातून पुसायचा आणि हातप्रत, जुनी प्रुफं मशीन पुसायला द्यायची, म्हणजे चुकून जुनं छापलं जाणार नाही, हा छापखान्यातला नियम. तो कोणी घातला होता ते सांगायला नको. सुपडूभाऊंनी सरांच्या हस्ताक्षराने शाई पुसून टाकली होती.

सर म्हणाले, "मला पाठ आहेत. लिहून घ्या."

भारतीताई परत आल्या होत्या. त्या संगणकावर बसल्या, मी शेजारी, सर खुर्चीत डोळे मिटून. त्यांनी पहिलं वाक्य सांगण्याआधी एक नाव सांगितलं. जामसिंग. मला कळेना. मग सर म्हणाले की ही वाक्यं मी बनवलेली नाहीत, माझ्या पोरांनी लिहिलेली आहेत. तीस वर्षांत वह्या तपासताना जी चूक बघून मला काहीतरी शिकायला मिळालं, ती मी लिहून ठेवली. एकेका वाक्याचा मालक आहे.

जामसिंगचं होतं, 'माय फादर आर इन द फॉरेस्ट अँड दे हॅव अॅन अॅक्स.' वडील जंगलात आहेत आणि त्यांच्याकडे कुऱ्हाड आहे. मी तिथे 'ही' केलं होतं, अगदी बरोबर केलं होतं. सर म्हणाले, जामसिंगला मी तीनदा सांगितलं, तरी तो बापाला एकटा करायला तयार नव्हता. पुढे तोच शिक्षक झाला.

चौथं वाक्य रमिलाचं. 'बिकॉज द रिव्हर केम.' कारण नदी आली. बस, एवढंच. मी त्याला पुढे ट्रॅक्टर जोडला होता, की मी शाळेत येऊ शकले नाही. सरांनी मला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, ती शाळेबद्दल बोलत होती?" मी म्हणालो, दुसरं काय असणार. ते म्हणाले, "घर गेलं होतं तिचं. मीही आधी शाळाच समजलो होतो. वर्गात पूर्ण कर म्हटलं, तेव्हा तिने पूर्ण केलं. तेव्हा मला कळलं."

मग ते माझ्याकडे वळले. दिसत नव्हतं तरी बरोबर माझ्याकडे. "नाना, चूक पोराच्या हातात द्यायची असते. आपण दुरुस्त केली की आपलंच वाक्य होतं ते."

मला पुण्याची पत्रं आठवली. भारतीताई टाइप करायच्या थांबून माझ्याकडे बघत होत्या.

एकेक करत आम्ही नऊ वाक्यं मोडली. सांगायला सोपं, पण हात वळत नाही. सर 'आर' सांगायचे आणि माझ्या तोंडून 'इज' निघायचं. भारतीताई म्हणाल्या, नाना, तुम्ही जरा पाणी पिऊन या. संगणकही माझ्याच जातीचा निघाला, तो प्रत्येक मोडलेल्या वाक्याखाली निळी रेघ मारत होता.

दहाव्याला सर अडले. नाव आठवेना, वाक्य आठवेना. मी काढून टाकलेलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. त्यात दम नव्हता, एवढंच आठवत होतं. अक्का म्हणाल्या, ते मधल्या बाकावरच्या पोराचं होतं, डाव्या हाताने लिहायचा तो. नाव त्यांनाही आठवेना. सर बराच वेळ कपाळाला हात लावून बसले. त्या एका पोराला मी पुस्तकातून बाहेर काढलं होतं, आणि आता त्याला परत आणायला कोणीच नव्हतं. शेठ म्हणाले, नऊच राहू द्या, कोण मोजतंय. सर म्हणाले, दहा गुणांचा प्रश्न आहे, पोरं मोजतात.

मग ते म्हणाले, "नाना, दहावं तुम्ही लिहा."

"मी?"

"एक विद्यार्थी तुम्ही कमी केला. त्याच्या जागी बसा."

वाचकहो, मी हजारो इंग्रजी पानं वाचली, कितीतरी मोठ्या माणसांची वाक्यं सरळ केली. पण स्वतःचं एक वाक्य इंग्रजीत कधी लिहिलेलं नव्हतं. लिहायचा प्रसंगच नव्हता, आणि आला असता तर मी टाळला असता. मला दुसऱ्याच्या चुका दिसतात. स्वतःची चूक छापलेली बघायची छाती नव्हती. आणि इथे तर चूक करायलाच सांगितलं होतं.

मी कागद घेऊन मशीनच्या मागे जाऊन बसलो. तीन कागद फाडले. सुपडूभाऊ येऊन बघून गेले, म्हणाले, व्हई गयं का? मी म्हणालो, जा तिकडे. शेवटी समोर खुर्चीत बसलेल्या सरांकडे बघत जे सुचलं ते लिहिलं. ट्रॉली जोडली, सर्वनाम घातलं, एके ठिकाणी चूक करायचं ठरवलं होतं तीही केली असं मला वाटलं. कागद भारतीताईंना दिला. त्यांनी टाइप केलं आणि मोठ्याने वाचलं.

"ऑल्दो ही कॅनॉट रीड इट नाऊ, द टीचर नोज हिज बुक."

आता वाचता येत नसलं, तरी मास्तरांना आपलं पुस्तक ठाऊक आहे.

अक्कांनी पदराने चष्मा पुसला. मग सर म्हणाले, "यात चूक कुठे आहे?"

मी पडद्यापाशी गेलो. वरून खाली बघितलं, मग खालून वर बघितलं. संगणकाने रेघ मारली नव्हती. चूक करायची म्हणून जिथे पेन थांबवला होता तिथे हाताने आपलं जुनं काम करून टाकलं होतं. "थांबा, मोडतो," मी म्हणालो.

"राहू द्या," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "नाना, तुम्ही नापास. एक चूक करता आली नाही तुम्हाला."

मग त्यांनी भारतीताईंना आधीच्या पानावरच्या सूचनेखाली एक ओळ वाढवायला सांगितली. 'यांपैकी एक वाक्य बरोबरच आहे. ते शोधा.' आणि ती ओळ वाक्यांच्या पानावरही पुन्हा घालायला सांगितली. कारण त्यांनी दिलं नाही. मी विचारलंही नाही. फर्मा छापायला देण्याआधी मी तो घडी घालून वाचला, सगळ्यांच्या देखत.

सोमवारी पुस्तकं शाळेत पोहोचली. सरांनी धडा शिकवला, असं अक्कांनी फोनवर सांगितलं. फळ्यावर लिहिताना ओळ वर चढत गेली, पण पोरांनी उतरवून घेतली.

मी आता कामावर जात नाही. घरी त्या पुस्तकाची एक प्रत आहे. मध्ये मुलगा आला होता, त्याने ती चाळली आणि विचारलं, यातलं बरोबर वाक्य कोणतं? मी म्हणालो, शोध आणि लिहून पाठव. दोन आठवड्यांनी टपालाने पाकीट आलं. पानभर पत्र, इंग्रजीत. त्यात चुका आहेत, किती ते मला माहीत आहे. लाल पेन मी उघडला नाही.

वाक्य त्याने बरोबर ओळखलं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, शिक्षकांनी ते वर्गावर्गात शिकवलं, पोरांनी त्या दहा वाक्यांची चिरफाड केली. दहाव्यात अजून कोणाला चूक सापडलेली नाही.